टपाली मते आणि प्रवासातले मतदार

मुंबई उत्तर-पश्चिमचा, म्हणजे जोगेश्वरी, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि अंधेरीचा, २०२४ चा लोकसभा निकाल ४८ मतांनी लागला. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. ईव्हीएमच्या बेरजेत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१ मिळाली आणि खासदार बदलला. बाद ठरलेली टपाली मते १११, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त.

टपाली मतपत्रिका मिळते ती सैनिकांना, निवडणूक कर्मचाऱ्यांना, ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना आणि अत्यावश्यक सेवेतील अधिसूचित कर्मचाऱ्यांना. कामासाठी नागपूरला किंवा लग्नाला गावी गेलेला अंधेरीकर यात बसत नाही. त्याने आपल्याच केंद्रावर परतायचे, नाहीतर मत सोडायचे.

या मतदारसंघात नोंद १७.३५ लाखांची, मतदान ५४.८४ टक्के. सुमारे ७.८ लाख जण आले नाहीत. मृत, घर बदललेले, अनिच्छुक आणि प्रवासात असलेले, सगळे याच एका आकड्यात आहेत. वेगळा रकाना नाही.

म्हणून मतदान कमी का, याला दिले जाणारे ‘लोक सुटीवर गेले’ हे उत्तर तपासून घ्यावे लागते. मतदानाच्या दिवशी, २० मे २०२४ ला, सोमवार होता, शाळांना सुटी होती. पण २०१९ चे मतदानही सोमवारीच, २९ एप्रिलला झाले. त्या तुलनेत बोरिवलीचा मुंबई उत्तर मतदारसंघ ६०.०९ वरून ५७.०२ टक्क्यांवर आला, मुलुंड-घाटकोपरचा ईशान्य ५७.२३ वरून ५६.३७ वर, अंधेरीचा मात्र ५४.३७ वरून किंचित वर गेला. एकाच सोमवारने तीन शेजाऱ्यांत तीन वेगळे परिणाम घडवले, असे म्हणणे अवघड आहे.

त्याच वर्षीच्या विधानसभेसाठी निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला. राज्याचे मतदान २०१९ च्या सुमारे ६१.४ वरून ६६.०५ टक्के झाले. वाढ राज्यभराची आहे. तीत वाराचा वाटा किती, हे या आकड्यातून निघत नाही.

अंतराचा परिणाम स्वच्छ दिसतो तो अनिवासी भारतीयांत, कारण त्यांची नोंदच वेगळी होते. २०२४ मध्ये देशभरात असे मतदार १,१९,३७४. मत दिले २,९५८ जणांनी, म्हणजे २.५ टक्के. त्यांनाही पासपोर्ट घेऊन केंद्रावर यावे लागते. परत येण्याची अट किती जड आहे, हे यापेक्षा स्पष्ट सांगणारा आकडा मला माहीत नाही.

आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव ठेवला: एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि २०२४ मध्ये ते वापरले गेले नाही. तो प्रस्ताव देशांतर्गत स्थलांतरितांसाठी होता आणि त्यात आधी अर्ज करणे बंधनकारक होते. आदल्या दिवशी ठरलेला प्रवास त्यातही बसला नसता.