खारबांधाची जबाबदारी : शिलोत्रीपासून शासनापर्यंत

रायगड जिल्ह्याच्या पेण व अलिबाग या तालुक्यांत, धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांस, उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली असलेली भातशेती दूरवर पसरलेली आहे. या प्रदेशास खारेपाट म्हणतात. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. खाडीची दलदल मातीच्या बांधाने अडवून व पावसाच्या पाण्याने तिच्यातील क्षार धुऊन काढून ती अनेक पिढ्यांनी घडविलेली आहे. बांध उभा आहे तोवर ती शेतजमीन, बांध फुटला की ती पुन्हा खाडी. म्हणून बांध कोणी राखावा, हा प्रश्न येथे मालकीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. लोकांनी आपल्या श्रमाने करावयाचे काय आणि शासनाने करावयाचे काय, या सर्वसाधारण वादाचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

प्रथम बांधाची रचना पाहू. खाडीच्या बाजूस असतो तो बाहेरकाठा. शेताशेतांमधील लहान बांध आतील बाजूस असतात. बाहेरकाठा खाडीतीलच चिखलाचा, कित्येक ठिकाणी बाहेरून दगडाने मढविलेला. त्यात जागोजागी उघाड्या बसविलेल्या असतात. ओहोटीला खाडीचे पाणी उतरले की आतील पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते आणि पाणी बाहेर जाते. भरतीला बाहेरील दाबाने तीच झडप मिटते. यंत्र साधे आहे, पण त्याची झडप कुजली किंवा तिच्यात ओंडका अडकला तर ते उलटे काम करू लागते. बांधाचा खरा शत्रू वादळ नसून खेकडा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपते, झिरपण्याची धार होते, आणि पुढच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला त्या जागी खांड पडते. बीळ असताना दोन माणसांनी एका सकाळी बुजविण्याचे काम खांड पडल्यावर शेकडो माणसांना आवरत नाही. शिवाय खारे पाणी एकदा शेतात शिरले की नुकसान त्या वर्षापुरते राहत नाही. क्षार धुपून जाण्यास पुढचे एक-दोन पावसाळे तरी लागतात. क्षार सोसणारी राता भाताची वाणे व रहू टाकून पेरण्याची पद्धत या भूमीने शोधून काढली ती याच कारणाने. तथापि वाणाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते.

म्हणजे या बांधाला दोन प्रकारची कामे लागतात. एक रोजच्या राखणीचे व लहान डागडुजीचे, दुसरे मोठी खांड बुजविण्याचे. ही दोन्ही कामे करणारा पूर्वी कोण होता ?

पूर्वी तो शिलोत्रदार होता. सरकारकडून कौल घेऊन, स्वतःच्या भांडवलावर दलदल बांधून काढणारा तो शिलोत्रदार. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात या शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. कसणाऱ्या कुळाकडून खंडाव्यतिरिक्त दर बिघ्यास एक मण भात वेगळे घेतले जाई, आणि ते बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी असे. ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बांधाचा खर्च कोणाच्या औदार्यावर सोडलेला नव्हता. तो जमिनीलाच चिकटविलेला होता. बिघा कसला की बांधाचा मण द्यावयाचा. याच्या जोडीला गावोगाव जोळ ही व्यवस्था होती. एका बांधाच्या आश्रयाला असलेले सर्व शेतकरी मिळून बांधाची कामे करीत, खांड पडली म्हणजे घरटी माणूस जाई.

आज जोळीची आठवण काढताना तिच्याविषयी बरेच गोड बोलले जाते. पूर्वी गाव एकजुटीने बांध बांधी, आता लोक आळशी झाले, असा सूर ऐकू येतो. हे अर्धेच सत्य होय. जोळीच्या माणसाला न जाण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते, आणि बांधाचा मण देणाऱ्या कुळाला तो बांधावर खर्च झाला किंवा नाही हे विचारण्याचा अधिकार व्यवहारात नव्हता. जमीनदारांच्या सर्व प्रकारच्या वसुलीविरुद्धचा असंतोष अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली संपाच्या रूपाने प्रकट झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या मालिकेने जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली. हा न्याय होता व तो उशिराच झाला.

परंतु या न्यायात एक पोकळी राहून गेली. शिलोत्रदाराचा हक्क कुळाकडे आला. शिलोत्रदाराचे बाहेरकाठ्याविषयीचे कर्तव्य मात्र कोणाकडे आले? शेताचे शंभर तुकडे शंभर सातबाऱ्यांवर चढले. बाहेरकाठा यांपैकी कोणाच्याच शेतात पडत नाही. ज्याचे शेत खाडीलगत आहे त्याला खांडीचा पहिला तडाखा, पण बांधाचा लाभ मागच्या शेवटच्या शेतालाही तितकाच. जुन्या मणाचा बोजा उतरला तेव्हा त्याच्या जागी दुसरा, न्याय्य रीतीने वाटलेला बोजा बसवावयास हवा होता. तो बसला नाही.

ही पोकळी शासनाच्या दृष्टीस पडली नव्हती असे नाही. मुंबई राज्याने १९४८ सालीच खार जमिनींचा कायदा करून खारभूमी विकास मंडळ स्थापिले. योजनेचा काही खर्च सरकारने व उरलेला धारकांनी सोसावा असे धोरण होते. पुढे महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ साली झाला, आणि हे काम पाटबंधारे खात्याकडे, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाकडे, गेले. शासनाच्या मोठ्या योजनांनी जे साधले ते लोकांच्या श्रमदानाने कधीच साधले नसते. खडकाच्या अस्तराचे रुंद बांध आणि पक्क्या उघाड्या हे गावाच्या कुवतीबाहेरचे काम आहे. पण खात्याची पद्धत मोठ्या कामासाठी बनलेली आहे. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, ठेकेदार, या क्रमाने खांड बुजते. बीळ बुजत नाही. बीळ बुजविण्यासाठी निविदा निघत नाही. आणि बांध ‘सरकारी’ झाला म्हटल्यावर शेतकरीही त्याला हात लावीत नाही. लावला तर कोणत्या अधिकाराने, हाही प्रश्नच.

यापेक्षाही बिकट अवस्था खाजगी म्हणून नोंदलेल्या खार योजनांची आहे. शासनाच्या यादीत काही योजना शासकीय, काही खाजगी. खाजगी योजनेवर सरकारी निधी सहसा पडत नाही, कारण ती खाजगी. आणि जिच्या मालकाच्या नावाने ती खाजगी ठरली तो मालक कूळकायद्याने केव्हाच दूर झालेला. अशा बांधामागच्या शेतकऱ्याला दोन्ही दारे बंद होतात. त्यातच खाडीतून जाणाऱ्या मालवाहू बार्जांच्या लाटांनी बाहेरकाठे झिजतात, अशी येथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

गेल्या वीस वर्षांत आणखी एक गाठ पडली आहे. खारे पाणी शिरलेल्या व पडीक राहिलेल्या शेतात थोड्याच वर्षांत खारफुटी उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने व १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खारफुटीच्या तोडीस आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यातील बांधकामास मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामासही न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटी किनाऱ्याचे रक्षण करते, तेव्हा या निकालाचे मूळ कारण योग्यच आहे. परंतु त्याचा खारेपाटावरील परिणाम असा की दुरुस्तीस जितका विलंब, तितकी दुरुस्तीस हरकत अधिक. बांधावर कुदळ घेऊन जाणाऱ्या जुन्या जोळीच्या माणसाला आज आधी कागद घेऊन जावे लागेल.

गोव्यातील खाजण जमिनींची हकीकत याच्याशी फार जुळते. तेथे बांध व पाण्याचे दार, ज्याला मानस म्हणतात, यांची जबाबदारी गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची, व शेतकऱ्यांच्या संघांची असे. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होऊन काही उत्पन्न येई. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कूळ संघांवर आली. तेथे निदान कर्तव्याचा वारस कायद्याने नेमला गेला. मात्र काही ठिकाणी मासेमारीचा लाभ शेतीच्या लाभाहून मोठा झाल्यामुळे मानशीचे दार भातासाठी न राखता मासळीसाठी राखले जाऊ लागले. संघ नेमला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, हे यावरून दिसते.

हॉलंडमध्ये मध्ययुगात प्रत्येक शेतकऱ्यास बांधाचा ठराविक तुकडा स्वतः राखावा लागे, व ज्यास ते शक्य नसे त्याला बांधात फावडे रोवून जमीन सोडावी लागे. पुढे त्या श्रमाचे रूपांतर निवडून आलेल्या जलमंडळांच्या करात झाले. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात १,८३६ माणसे दगावल्यावर समुद्राकडील मोठी कामे केंद्र सरकारने आपल्याकडे घेतली, पण जलमंडळे व त्यांचा कर नाहीसे झाले नाहीत.

खारेपाटाला याच धर्तीची विभागणी मानवेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बाहेरकाठ्याची उभारणी, खांडी बुजविणे व पक्क्या उघाड्या हे शासनाकडे असावे. आणि योजना खाजगी की शासकीय हा भेद, मूळ मालकच उरला नसल्यामुळे, रद्द व्हावा. रोजची राखण, बिळे बुजविणे व झडपा साफ ठेवणे हे एका बांधामागील सर्व खातेदारांच्या संघाकडे असावे. त्यास क्षेत्राच्या प्रमाणात वर्गणी घेण्याचा व तिचा हिशेब गावसभेत ठेवण्याचा कायदेशीर अधिकार असावा. जुन्या बांधाच्या रेषा नकाशावर निश्चित करून त्या रेषेवरील डागडुजीची परवानगी न्यायालयाकडून प्रत्येक खांडीसाठी वेगळी न मागता तालुक्यासाठी एकदाच मागता येईल काय, हे शासनाच्या विधी विभागाने तपासून पाहावे. ते पाहणे पावसाळ्यापूर्वी व्हावयास हवे, कारण उधाणाची वेळ पंचांगात अगोदरच छापलेली असते.