खाडा कुठल्या दिवशी?

टाइम ऑफिसात गैरहजेरीला दोन नावं असतात. आधी विचारून, सही घेऊन घरी राहिलेल्या माणसाची ती रजा आणि न सांगता राहिलेल्याचा तो खाडा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी बावीस वर्षं हजेरी मांडली. खाडा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीशी यायचा, मी कारण विचारायचो आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "घरात बरं नव्हतं." आमच्याकडे 'घरात' म्हणजे बायको. तिचं नाव घ्यायचं नाही, आजार सांगायचा नाही, एवढ्यावर विषय संपायचा. मस्टरवर लाल शेरा पडायचा आणि त्या दिवसाचा पगार जायचा.

बावड्यातून पंचगंगेचा पूल ओलांडून शिये फाट्याकडे जाणारा कामगार असो, शुगर मिलमधला असो, कोर्टातला शिपाई असो की ताराबाई पार्कात धुणीभांडी करणारी बाई असो, जोडीदार आजारी पडला की सकाळी पाच मिनिटांत ठरवावं लागतं, जायचं की राहायचं. ते ठरवण्याची रीत मी टाइम ऑफिसात बसून शिकलो, थोडी माझ्या घरात ठेच खाऊन शिकलो. ती सावकाश सांगतो.

पहिल्यांदा कायदा, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. पगारातून ईएसआयचे पैसे कापतात, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, घरातलं कुणीही आजारी पडलं तर ईएसआय पगार भरून देणार. तसं होत नाही. पत्नीची तपासणी, औषधं, ऑपरेशन हे त्यात बसतं. पण रोख आजारपण भत्ता, म्हणजे वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, हा ज्याच्या नावाचा विमा आहे त्याच्या स्वतःच्या आजारपणाचा. तिच्या उशाशी बसलेल्या दिवसाचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. महिन्याचा पगार २१,००० रुपयांच्या वर असेल तर योजनाच लागू नाही. साखर आणि गुळाचे हंगामी कारखाने तर त्या कायद्याने बाहेरच ठेवले. गळीत हंगाम चालू असताना घरात कुणी पडलं तर त्या कामगाराने बघायचं कुणाकडे, हे मला कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही.

मग उरते भरपगारी रजा. कारखाने अधिनियम, १९४८ पासून चालत आलेला हिशेब असा की २० दिवस काम केलं की एक दिवस रजा. ती मिळायला आदल्या वर्षी २४० दिवस भरावे लागत. नव्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. जुन्या कायद्यातली खरी अडचण दुसरीच होती. रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा. आजारपणासाठी ही मुदत माफ होती, पण ती सवलत कामगाराच्या स्वतःच्या आजारपणाचीच समजली जाई. पत्नीचा ताप पंधरा दिवस आधी कुणाला कळणार? त्यामुळे सगळं सुपरवायझरच्या मर्जीवर यायचं. दुकानात, शोरूमला, ऑफिसात काम करणाऱ्याला २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल तर वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. अचानक आलेल्या आजारपणाला त्याच सर्वांत कामाच्या, म्हणून त्या मे महिन्याच्या लग्नसराईत संपवू नयेत असं मी प्रत्येकाला सांगायचो.

सरकारी नोकराचं बरं असतं असं आपण म्हणतो आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. नैमित्तिक आठ, अर्जित तीस, अर्धवेतनी वीस. पण अर्धवेतनी रजा परावर्तित करून पूर्ण पगारी घ्यायची तर वैद्यकीय दाखला स्वतःचाच लागतो. जुलै २०१८ मध्ये राज्य सरकारने १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती महिला कर्मचाऱ्यांना आहे, आणि पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने पत्नी अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही आहे. नीट वाचलं की कळतं, ही रजा मुलांना सांभाळायला आहे. अंथरुणावरची ती बाई त्या निर्णयात फक्त अट म्हणून आली आहे. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. जपानात घरातल्या प्रत्येक आजारी माणसामागे ९३ दिवसांची शुश्रूषा रजा आहे आणि पगाराचा दोन तृतीयांश भाग विम्यातून मिळतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाकडे १२ आठवडे मिळतात. बिनपगारी, पण जागा शाबूत राहते. आपल्याकडे जोडीदाराच्या आजारपणाला स्वतःचं नावच नाही.

आता पैशाचा हिशेब. समजा पगार १८,००० आहे. २६ ने भागा, खाडा ६९२ रुपयांना पडला. पण पुष्कळ कारखान्यांत हजेरी भत्ता असतो. महिनाभर एकही खाडा नसेल तर, समजा, हजार रुपये. पहिल्या खाड्याला तो पूर्ण जातो. म्हणजे महिन्यातला पहिला खाडा १,६९२ रुपयांचा आणि दुसरा, तिसरा, चौथा प्रत्येकी ६९२ चा. हे लक्षात आलं की दोन गोष्टी सुचतात. भत्ता गेलाच असेल तर आणखी एक दिवस राहायला तितकं घाबरायचं कारण नाही. आणि ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर तारीख अशी मागा की सगळे दिवस एकाच महिन्यात पडतील. २९ तारखेला ॲडमिट होऊन ३ तारखेला घरी आलात तर दोन महिन्यांचे भत्ते गेले. डॉक्टरांना हे सांगायला लाजू नका. तातडी नसेल तर चार दिवस मागेपुढे करायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

पण पैशापेक्षा मोठी चूक दिवस निवडण्यात होते. ती मी स्वतः केली.

एका सप्टेंबरात माझ्या पत्नीला डेंग्यू झाला. ताप १०३, अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागं दुखतंय. मी पहिल्याच दिवशी सुट्टी टाकली, दुसऱ्या दिवशी टाकली, तिसऱ्या दिवशीही. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पेज केली. पाचव्या दिवशी पहाटे हात लावून बघितलं तर अंग गार. ताप गेला होता. ती म्हणाली, "आता तुम्ही जावा. माझं मी करते." मलाही मोकळं वाटलं, डबा न घेताच गेलो. अकराच्या सुमाराला शेजारच्या वहिनींचा टाइम ऑफिसात फोन आला. मोरीत जाताना ती चक्कर येऊन पडली होती, हातपाय थंडगार पडले होते, पोटात कळा येत होत्या. नंतर कळलं की सकाळपासून लघवीलाही झालं नव्हतं. वहिनींच्या मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाइन चालू झालं आणि तीन दिवसांनी ती सुखरूप घरी आली. पण मी हातातले तीन दिवस जिथं माझी तेवढी गरज नव्हती तिथं घालवले, आणि गरज होती त्या दिवशी मस्टर मांडत बसलो.

डेंग्यूचं हेच वैशिष्ट्य आहे. ताप दोन ते सात दिवस राहतो आणि धोका बहुधा तो उतरताना सुरू होतो. त्या वेळी बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार आणि ओलसर, सुस्ती किंवा विनाकारण तगमग, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. घरात बसलेल्या माणसाचं काम एवढंच: दर थोड्या वेळाने पाणी, ओआरएस, सरबत द्यायचं आणि लघवी कधी झाली ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहायचं. सहा तास झाली नाही तर उठायचं. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल सोडून दुसरी गोळी मनाने द्यायची नाही. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लेटलेट किती, एवढंच आपण रिपोर्टात शोधतो. रक्ताचा दाटपणा सांगणारा हिमॅटोक्रिटचा आकडा वाढतोय का, हेही विचारत जा. म्हणून डेंग्यूत दोनच दिवस मिळणार असतील तर ते ताप उतरेल तेव्हासाठी राखून ठेवा. तापाच्या दिवसांत सासू, बहीण, शेजारीण यांच्यावर भागतं.

प्रत्येक आजाराला असा स्वतःचा वाईट दिवस असतो आणि डॉक्टरांना सरळ विचारलं की ते सांगतात: "यात मी जवळ असायलाच हवं असे दिवस कुठले?" ऑपरेशनमध्ये लोक दवाखान्यातले दिवस रजा टाकतात आणि डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. दवाखान्यात नर्स असते, घरी कुणी नसतं. सहीचा आणि ऑपरेशनचा दिवस, पहिली रात्र, आणि मग घरी आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस, अशी रजा तोडून घ्या. आयसीयूत असताना बाहेरच्या बाकावर दिवस काढण्यात प्रेम आहे, पण आत सोडतात दहा मिनिटं. डॉक्टर भेटतात ती वेळ गाठा आणि रजा वॉर्डात आणल्यावरसाठी शिल्लक ठेवा. केमोथेरपीत सलाइन लावतात त्या दिवशी सोबत लागतेच, पण पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांत सात ते चौदा दिवसांनी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत १००.४ ताप आला तर त्याच तासाला निघावं लागतं, म्हणून तेव्हा निदान फोन उचलता येईल अशा कामावर राहावं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर यातलं काहीच मोजायचं नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

बऱ्याच वेळा अख्खा दिवस लागतही नाही. मोठ्या डॉक्टरांचा राउंड सकाळी असतो. पहिल्या पाळीऐवजी दुसरी पाळी मागून घेतली तर राउंड गाठता येतो, रिपोर्ट आणता येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटता येतं आणि तीन वाजता गेटवर हजर राहता येतं. बदली द्यायला साथीदार तयार असतात. पुढच्या वेळी तुम्ही द्या. सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला बऱ्याच ठिकाणी थांबू देत नाहीत. तेव्हा रात्रीला तिची बहीण नाहीतर भावजय आणि दिवसाला तुम्ही, अशी वाटणी आधीच करा.

एक गोष्ट मात्र करू नका. दिवसा तिच्याजवळ बसायचं आणि रात्रपाळी करायची. एक दिवस निभतं, दोन दिवस निभतं. तिसऱ्या रात्री सुमारे १,४०० अंशांच्या लोखंडाची लाडल हातात असलेला माणूस उभ्या उभ्या डुलकी घेताना मी बघितला आहे. शेजारच्याने दंड धरला म्हणून वाचला. तीन रात्री झोप नसलेल्या माणसाने चौथ्या दिवशी बिनपगारी राहावं. त्या ६९२ रुपयांची गणती मी कधीच नुकसानीत केली नाही.

हे सगळं मी नवऱ्याच्या बाजूने सांगतोय, कारण माझ्या खिडकीशी नवरेच यायचे. नवरा आजारी पडतो तेव्हा कामावर जायचं की नाही हे त्याच्या बायकोला कुणी विचारतसुद्धा नाही. तिने राहायचंच असतं. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं निघालं. तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांचंच. चार घरची धुणीभांडी करणारीला तर रजेचं रजिस्टरच नाही. मालकिणीने कापले तर कापले, आणि आठ दिवस गेली नाही तर जागेवर दुसरी. अशा घरात आजारी नवऱ्यानेच आधी उठून हिशेब मांडावा: कुठले दोन दिवस ती घरी हवी, बाकीचे दिवस माझा भाऊ, तालमीतली पोरं, शेजारी कोण येतं. भिशीची पाळी जवळ असेल तर ती अलीकडे घेता येते का, तेही विचारावं. ती "मी बघते सगळं" म्हणते, जशी माझी पत्नी "तुम्ही जावा" म्हणाली होती. त्या शब्दांवर ठरवू नये.

आणि न सांगता राहू नका. सलग दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनात मोडते. नोकरी त्यावर जाऊ शकते. स्वतःच्या नावाचं खोटं सर्टिफिकेटही आणू नका. ते उघडं पडलं की पुढचं खरं कारणही कुणी मानत नाही, आणि ईएसआयला खोटा दाखला देणं गुन्हा आहे. पाळी सुरू व्हायच्या आधी मोबाइलवर चार ओळी पाठवा, म्हणजे वेळेसकट पुरावा राहतो, आणि हजर झाल्यावर तेच कागदावर लिहून पोच घ्या. "घरात बरं नाही" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर मी कधी जोरात शिफारस करू शकलो नाही. असं लिहा: पत्नीस डेंग्यू आहे. आज ताप उतरला असून पुढील दोन दिवस सतत लक्ष ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. बुधवार, गुरुवार रजा मिळावी. शुक्रवारी दुसऱ्या पाळीस हजर राहीन.

सुपरवायझर विचारेल, "ताप उतरला ना, मग रजा कशाला?" त्याला डॉक्टरांचा कागद दाखवा, आणि ताप उतरल्यावर काय होतं ते दोन वाक्यांत सांगा. त्यालाही घर आहे.