दोन टक्क्यांतला चेहरा

एक डोळा मिटा आणि मान न हलवता स्वतःचा चेहरा किती दिसतो ते पाहा. नाकाची एक धूसर कड दिसेल. ओठ पुढे काढले तर वरच्या ओठाचा फुगवटा, जीभ बाहेर काढली तर तिचा शेंडा. भुवया खाली ओढल्या तर वरच्या बाजूला थोडी काळसर किनार. बस्स. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८८६ साली संवेदनांविषयी लिहिलेल्या पुस्तकात हेच दृश्य चित्र काढून छापलं. रेलून बसलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्याला जे दिसतं तेवढंच त्यात आहे: वर भुवईची कमान, उजवीकडे नाक, खाली मिशी आणि समोर लांब पसरलेले पाय. अख्ख्या माणसाचं चित्र, पण त्यात चेहरा नाही.

माखच्या या चित्राशेजारी ऑस्ट्रियातल्याच विलेनडॉर्फ गावी १९०८ मध्ये सापडलेली चुनखडीची छोटी स्त्रीमूर्ती ठेवून पाहावी. उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, वय २५ ते ३० हजार वर्षं. स्तन आणि पोट भरदार, पाय खाली निमुळते होत जाणारे, आणि डोक्यावर वेण्यांसारखी वर्तुळं असली तरी नाक-डोळे मुळीच नाहीत. लेरॉय मॅकडरमॉट या अभ्यासकाने १९९६ मध्ये मांडलं की अशा मूर्ती घडवणाऱ्या स्त्रियांनी मान खाली घालून स्वतःचंच शरीर पाहिलं असावं. वरून पाहिलं की जवळचं मोठं दिसतं, पाय आखूड दिसतात आणि चेहरा दिसतच नाही. या मतावर बरीच टीका झाली, आणि मलाही ते पूर्ण पटत नाही. आजूबाजूला इतर बायका होत्याच, त्यांच्याकडे पाहूनही मूर्ती करता येते. पण आरसा नसलेल्या माणसाला स्वतःचं काय दिसतं, हा प्रश्न या चर्चेमुळे गंभीरपणे विचारला गेला.

काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली, आणि त्यानंतर आरसा हळूहळू साध्या घरांत पोचला. त्याआधी लोक स्वतःचा चेहरा कुठे बघायचे? ‘पाण्यात’ हे उत्तर आपण चटकन देतो. ते बरोबर आहे, पण वाटतं तितकं सोपं नाही.

पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. प्रकाश जितका तिरका तितकं परावर्तन जास्त: लंबापासून ६० अंशांवर सुमारे सहा टक्के, ८० अंशांवर सुमारे ३५ टक्के. म्हणून तळ्याच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा डोंगर किंवा देवळाचं शिखर पाण्यात लख्ख उमटलेलं दिसतं. त्यांचा प्रकाश पाण्याला घासून आपल्यापर्यंत येतो. स्वतःच्या चेहऱ्याला ही वाट बंद आहे. चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश त्याच चेहऱ्यावरच्या डोळ्यांत परत यायचा तर त्याला सरळ खाली जाऊन सरळच वर यावं लागतं. म्हणजे पाणी दूरदूरचं सगळं चांगल्या कोनातून दाखवतं आणि बघणाऱ्याला मात्र नेमक्या सर्वांत वाईट कोनातून. या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते.

या दोन टक्क्यांना दोन प्रतिस्पर्धी असतात. एक म्हणजे तळ. पाणी उथळ असेल आणि खाली फिकट वाळू असेल, तर तळावरून येणाऱ्या उजेडात चेहरा बुडून जातो. दुसरं म्हणजे आकाश. पाण्यावर वाकलं की चेहऱ्यावर आपलीच सावली पडते आणि डोक्यामागचं आभाळ मात्र उजळ असतं. मग पाण्यात दिसतो तो डोक्याचा काळा आकार, त्यात डोळे-नाक शोधावे लागतात. पंचतंत्रातल्या सिंहाने विहिरीत डोकावून दुसरा सिंह पाहिला, तेव्हा त्याला बहुधा आयाळीची काळी कडाच दिसली असणार. तरी गोष्ट रचणाऱ्याने वाहता ओढा न निवडता विहीर निवडली, यात मला अस्सल निरीक्षण दिसतं. विहिरीचं पाणी निश्चल असतं आणि खोलीमुळे तळ काळा असतो. प्रतिबिंबाला लागणाऱ्या तीनपैकी दोन अटी तिथे आपोआप पुऱ्या होतात. तिसरी अट म्हणजे चेहऱ्यावर उजेड. ती राहून जाते.

तिन्ही अटी घरात जुळवता येतात. काळी पडलेली लोखंडी कढई घ्या, तीत काठोकाठ पाणी भरा आणि सकाळी दाराजवळ जमिनीवर ठेवा, म्हणजे उजेड आडवा येऊन वाकलेल्या चेहऱ्यावर पडेल. पाणी ठरेपर्यंत थांबा. आधी नाकाची रेघ दिसते, मग डोळ्यांतला ओलावा, मग गालावरचा एखादा तीळसुद्धा. हेच पाणी पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात ओतलं की चेहरा जवळपास नाहीसा होतो. पाणी तेच असतं आणि चेहऱ्याचे दोन टक्केही तेच, फक्त पांढरा तळ त्यांच्यावर मात करतो.

पाण्याऐवजी तेल घेतलं तर चित्र आणखी सुधारतं. खाद्यतेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे, पाण्याचा १.३३. हा फरक लहान दिसतो, पण त्यामुळे सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे साडेतीन टक्के परत येतो, म्हणजे पाण्याच्या पावणेदोन पट. शिवाय तेल घट्ट असल्याने श्वासाने किंवा धक्क्याने उठलेली लहर त्यात लगेच विरते. आपल्याकडे छायादान करताना काशाच्या वाटीत तेल किंवा तूप घेऊन त्यात आपलं तोंड पाहतात आणि मग ती वाटी दान देतात. प्रथेमागचा हेतू ग्रहपीडा टाळण्याचा असला तरी चेहरा पाहण्यासाठी निवडलेलं माध्यम पाण्यापेक्षा सरस आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात प्रजापती इंद्राला आणि विरोचनाला आत्मा दाखवण्याआधी पाण्याने भरलेल्या परळात स्वतःला पाहायला सांगतो. दोघांना केसांपासून नखांपर्यंत आपण दिसतो. मग नटूनथटून पुन्हा पाहायला सांगतो, तर नटलेलं रूप दिसतं. विरोचन तेवढ्यावर समाधानी होऊन परत जातो, इंद्र मात्र अर्ध्या वाटेवरून शंका घेऊन माघारी येतो. त्या कथेचा रोख तत्त्वज्ञानाकडे आहे. पण स्वतःला पाहायला प्रजापतीने त्यांना नदीवर धाडलं नाही, हातातलं भांडं सुचवलं, याकडे माझं लक्ष पुनःपुन्हा जातं. भांडं उजेडाकडे सरकवता येतं.

द्रवाच्या आरशाची एक अडचण मात्र कशानेच सुटत नाही: तो कायम आडवा असतो. त्यात पाहायला खाली वाकावं लागतं आणि वाकलं की गाल, ओठ, पापण्यांखालची कातडी पुढे लोंबते. वय वाढेल तसा हा फरक वाढतो. तुर्कस्तानातल्या चातालहोयुक इथल्या थडग्यांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेचे, घासून गुळगुळीत केलेले तुकडे मिळाले आहेत. ही काच पाण्याच्या साधारण दुप्पट, चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. चार टक्केही तसे थोडेच. पण दगड काळा आहे, त्यामुळे मागून स्पर्धा नाही, आणि तो हातात उभा धरता येतो. माझ्या मते खरी झेप ही उभं धरण्याची आहे. चेहरा सरळ, उजेड समोरून आणि पाठीमागे अंधार, असा मेळ माणसाला पहिल्यांदाच मनासारखा जमवता आला.

प्रतिबिंब सोडून इतर वाटाही आहेत. सावली ही त्यातली सर्वांत जुनी, पण ती स्वतःच्या फारशी कामाची नाही. भिंतीवरची आपली एका बाजूची आकृती बघायला मान वळवली की सावलीही वळते. रेषा दुसऱ्या कुणीतरीच ओढावी लागते. रोमन लेखक प्लिनीने सांगितलेल्या कथेत कुंभाराची मुलगी दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली प्रियकराची सावली रेखाटते आणि तिचा बाप त्या रेषेत माती भरून मुखवटा करतो. तिथेही चेहरा दुसऱ्याचाच आहे.

बोटांनी चाचपून चेहरा कळेल असं वाटतं. पण आपल्या शरीराचा आतून येणारा अंदाज भरवशाचा नाही. मॅथ्यू लॉन्गो आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी २०१० मध्ये लोकांचे हात फळीखाली झाकून बोटांची टोकं आणि सांधे कुठे आहेत ते दाखवायला सांगितलं. उत्तरांवरून जो हात तयार झाला त्याची बोटं खऱ्यापेक्षा आखूड होती आणि पंजा रुंद. दिवसभर डोळ्यांसमोर असणाऱ्या हाताची ही गत, तर न दिसणाऱ्या चेहऱ्याचं काय!

मातीचा ठसा मात्र खोटं बोलत नाही. डोळे मिटून, श्वास रोखून मऊ शाडूत चेहरा हलका दाबला की नाक, कपाळ, ओठ यांचा खळगा उरतो. त्यावर एका बाजूने उजेड पाडून थोडं लांबून, एक डोळा मिटून पाहिलं तर खळगा खळगा राहत नाही, नाक आपल्याकडे उचलून आलेलं दिसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी या भ्रमाचा बराच अभ्यास केला. आयुष्यभर बाहेर आलेलीच नाकं पाहिलेला मेंदू आत गेलेला चेहरा मानायला तयार होत नाही. त्यामुळे साचा भरण्याआधीच त्यात आपलं तोंड दिसू लागतं.

आणि समोरच्याचा डोळा. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची वक्रता सुमारे आठ मिलिमीटर त्रिज्येची असते आणि ते बहिर्वक्र आरशासारखं वागतं. पाव मीटरवरून पाहिलं तर आपला सबंध चेहरा त्यात तीन मिलिमीटरांचा होतो. मागे काळी बाहुली असते, म्हणजे कढईचीच व्यवस्था. रॉब जेन्किन्स आणि ख्रिस्ती केर यांनी २०१३ मध्ये अतिशय स्पष्ट छायाचित्रांतल्या डोळ्यांवरची प्रतिबिंबं मोठी करून दाखवली, तेव्हा ओळखीचे चेहरे लोकांनी बरोबर ओळखले. चेहऱ्याचा मजकूर तेवढ्याशा जागेत मावतो. मांडीवरच्या लेकराच्या डोळ्यांत आईला आपलं रूप दिसत आलं आहे, तेही याच पटलावर.

प्रतिबिंब दिसणं आणि ‘हा मीच’ हे कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडमंड कार्पेंटर १९६९ च्या सुमारास पापुआ न्यू गिनीतल्या बियामी लोकांकडे आरसे आणि कॅमेरे घेऊन गेले. त्यांनी लिहिलं की मोठ्या आरशासमोर ती माणसं थिजली, तोंडावर हात ठेवून मान फिरवू लागली, आणि मग काही दिवसांतच त्यात बघून सजू लागली. ही हकिकत फार गाजली. पण ती वाचताना जपून राहावं. कॅमेरे रोखलेल्या अनोळखी पाहुण्यांसमोर कुणीही गोठून जाईल, आणि पावसाने भिजलेल्या त्या जंगलात साठलेलं पाणी कुणी पाहिलंच नसेल हे मानणं कठीण आहे. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो: काही दिवस पुरले.

काही दिवस पुरतात, कारण ओळख पटते ती हालचालीमुळे. मी भुवई उचलली की तीही उचलते, तेही त्याच क्षणी. गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींना आधी दहा दिवस आरसा दिला, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून त्यांनी स्वतःच्या अंगावरचा डाग चाचपला. आपला चेहरा कसा असतो हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. माणसाची मुलं साधारण दीड ते दोन वर्षांची झाली की हे करतात, पण सगळीकडे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनियातल्या दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी फक्त दोघांनी डागाला हात लावला, बाकीची स्तब्ध उभी राहिली. त्यांना स्वतःची ओळख नव्हती, असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. मोठ्या माणसाने लावलेला डाग पुसायचा की राहू द्यायचा, हा प्रश्नही मुलाला पडू शकतो.

उलट, रोज आरसा पाहणाराही फसतो. रात्रभर आगगाडीचा प्रवास करून थकलेले माख एकदा घोड्यांच्या बसमध्ये चढले, तेव्हा समोरून चढणारा माणूस पाहून त्यांना वाटलं, काय हा गबाळा शाळामास्तर! समोर आरसा होता.

आरसा, पाणी, तेल, समोरचा डोळा या सगळ्यांत आपला उजवा गाल आपल्या उजव्या हातालाच राहतो. मातीतल्या खळग्यातही तो तिथेच असतो. थिओडोर मीटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट यांनी १९७७ मध्ये काही तरुणींना त्यांच्याच छायाचित्राच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक डावं-उजवं उलटवलेली. त्यांना बहुतेक वेळा आरशातल्यासारखी उलटी प्रत आवडली, तर त्यांच्या मैत्रिणींना आणि प्रियकरांना सरळ. ज्याला जे रूप रोज दिसतं, त्याला ते आवडतं. इतरांना दिसणारं रूप आरशाशिवाय पाहायचं असेल तर तो शाडूचा खळगा वाळू द्यावा, त्यात तेलाचा हात फिरवून ओली माती दाबावी आणि निघालेला मुखवटा समोर धरावा. उजवा गाल आता आपल्या डाव्या हाताला येतो.