‘नळ्या बंद’ म्हणजे नक्की काय?

‘नळ्या बंद आहेत.’ एवढे तीन शब्द घेऊन बाई दवाखान्यातून घरी येते आणि सगळं घर तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतं. फिल्मवर नेमकं काय दिसलं, हे बहुतेक वेळा तिला कुणी समजावलेलंच नसतं.

हे शब्द येतात एचएसजीतून, म्हणजे गर्भाशय आणि गर्भनलिकांच्या एक्स-रेमधून. रक्तस्राव थांबल्यावर, पण अंडं फुटायच्या आत, साधारण पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसात हा एक्स-रे काढतात. नकळत गर्भ राहिला असेल तर त्याला किरणांचा धोका नको, म्हणून ही काळजी. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळीने औषध आत सोडतात. पडद्यावर आधी एक उलटा त्रिकोण भरतो, ती गर्भाशयाची पोकळी. मग दोन्ही कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या रेषा निघतात आणि टोकाशी औषध पोटात सांडून धुरासारखं पसरतं. सांडलं, तर नळी मोकळी. काम काही मिनिटांचं, पण ओटीपोटात कळ येते, काहींना फार जोराची. आधी वेदनाशामक गोळी घेता येते. डॉक्टरांनी दिली नाही तर मागावी, त्यात संकोच कसला?

फसगत होते ती पुढे. कळ येऊन गर्भाशयाचा स्नायू आवळला, की नळीचं तोंड तेवढ्यापुरतं मिटतं. नळी चांगली असूनही फिल्मवर बंद दिसते. म्हणून औषध अगदी कोपऱ्याशीच अडलं असेल, तर पुन्हा तपासून किंवा दुर्बिणीने बघून खात्री केल्याशिवाय निकाल देऊ नये. नळी मण्यांच्या माळेसारखी दिसली, तर मात्र टीबीची शंका घ्यावीच लागते. आपल्याकडे नळ्या खराब होण्याचं ते आजही मोठं कारण आहे, आणि त्यासाठी बाईला खोकला असावाच लागतो असं नाही.

सोनोग्राफी त्याआधीच झालेली असते. अंडाशयातल्या 2 ते 9 मिलिमीटरच्या पुटिका, फायब्रॉइड, चॉकलेट सिस्ट तीत कळतात. पण निरोगी नळी साध्या सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही, त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे नळ्या मोकळ्या, असं समजू नये. गर्भाशयात पडदा आहे की गर्भाशयच दोन शिंगांचं आहे, याचा उलगडा थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय करते. हा फरक महत्त्वाचा, कारण पडदा दुर्बिणीतून कापता येतो, दोन शिंगांच्या गर्भाशयाला मात्र सहसा हात लावत नाहीत.

नेदरलँड्समधल्या 1119 स्त्रियांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एचएसजीला तेलयुक्त औषध वापरलेल्यांपैकी 39.7 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत दिवस राहिले आणि गर्भ टिकला. पाण्यातलं औषध वापरलेल्यांत हे प्रमाण 29.1 टक्के होतं. म्हणजे तपासणीच काहींना उपचार ठरली.

एक विनंती घरच्यांना. सुनेला एक्स-रेच्या टेबलावर झोपवण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे आणि तिच्यात दुखत काहीच नाही.