विश्लेषण : पोर्ट क्रमांक बरोबर, तरीही पासवर्ड धोक्यात?

मोबाइलवर कार्यालयाचा ईमेल जोडताना ‘पोर्ट’ आणि ‘सुरक्षा प्रकार’ असे दोन रकाने भरावे लागतात. पोर्ट ९९३ टाकला म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पासवर्डची सुरक्षा दुसऱ्या रकान्यावर अवलंबून असते.

पोर्ट म्हणजे काय?

एकाच सर्व्हरवर संकेतस्थळ, ईमेल अशा अनेक सेवा चालू शकतात. आलेली माहिती कोणत्या सेवेकडे जाणार, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. इमारतीच्या पत्त्यातील खोली क्रमांकासारखाच हा प्रकार. ० ते ६५,५३५ या क्रमांकांची अधिकृत नोंद ‘आयाना’ ठेवते.

मग कूटबद्ध कोण करते?

हे काम ‘टीएलएस’चे. त्यात सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते, दोन्ही बाजू गुप्त किल्ली ठरवतात आणि त्यानंतरच मजकूर पाठवला जातो. संकेतस्थळांसाठी ८० म्हणजे उघडी आणि ४४३ म्हणजे कूटबद्ध वाहतूक, हा केवळ संकेत आहे. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवल्यास ४४३ वरूनही उघडी माहिती जाऊ शकते.

ईमेलमध्ये धोका कुठे?

ईमेल वाचण्यासाठीच्या ‘आयमॅप’चे दोन पोर्ट आहेत. ९९३ वर सुरुवातीपासून टीएलएस असते. १४३ वर संवाद उघडा सुरू होतो आणि ‘स्टार्टटीएलएस’ या आज्ञेनंतर कूटबद्ध होतो. मधल्या हल्लेखोराने ही सोयच लपवली आणि ॲपनेही आग्रह धरला नाही, तर पासवर्ड उघडा जातो. म्हणूनच जानेवारी २०१८ मधील ‘आरएफसी ८३१४’ या दस्तऐवजात सुरुवातीपासूनच टीएलएस वापरण्याची शिफारस करण्यात आली. मात्र ९९३ निवडूनही ‘सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा’ हा पर्याय चालू ठेवल्यास बनावट सर्व्हरही खरा मानला जातो.

वापरकर्त्यांनी काय करावे?

सुरक्षा प्रकारात ‘एसएसएल/टीएलएस’ निवडावे. ‘काहीही नाही’ हा पर्याय टाळावा. ईमेल पाठवण्यासाठी सेवा देत असल्यास ४६५ वापरावा. प्रमाणपत्राचा इशारा आल्यास, विशेषतः सार्वजनिक वाय-फायवर, ‘पुढे जा’ दाबू नये.

बँकेच्या नावाने बनवलेले फसवे संकेतस्थळही ४४३ वरून, कुलूपबंद वाहतुकीसह चालू शकते. कूटबद्धतेमुळे वाटेत कोणी डोकावू शकत नाही. पलीकडचा प्रामाणिक आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न अक्षर वाचायलाच हवा.