‘उपा’ : एका कल्पित उभयचराच्या नावाची कुळकथा

प्राण्यांची नावे पुष्कळदा प्राण्यांहून दूरवर जातात आणि ज्याच्यासाठी ती योजिली गेली तो प्राणी मागेच राहतो. शब्दांच्या इतिहासातील या प्रक्रियेचे एक बोधप्रद उदाहरण ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ-खेळांच्या मालिकेत आढळते. या खेळांत खेळणारा नाना प्रकारचे कल्पित प्राणी पकडतो, त्यांचा संग्रह करतो व त्यांना वाढवितो. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानात प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या भागांत अशा प्राण्यांमध्ये एका लहानशा उभयचराची भर पडली. त्याचे जपानी नाव ‘उपा’, इंग्रजी नाव ‘वूपर’.

हा प्राणी निळ्या वर्णाचा असून त्याचे डोके वाटोळे आहे. त्याला दोन आखूड पाय व एक शेपूट आहे. हात मात्र नाहीत. उंची ०.४ मीटर, वजन ८.५ किलोग्रॅम. तो थंड पाण्यात राहतो, हवेत गारवा आला म्हणजे अन्नाच्या शोधार्थ काठावर येतो आणि अशा वेळी अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर धारण करतो, असे खेळातील वर्णन आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंस फांद्या फुटल्यासारखे जांभळट अवयव आहेत. त्यांवरून त्याचे मूळ ओळखू येते. हे मेक्सिकोतील ‘ॲक्सोलॉटल’ नामक उभयचराचे बाहेर आलेले कल्ले होत.

‘ॲक्सोलॉटल’ हा शब्द ॲझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील आहे. त्या भाषेत त्याचा उच्चार ‘आशोलोत्ल’ याच्या जवळपास होतो. त्याचा पूर्वावयव ‘आत्ल’ म्हणजे पाणी, उत्तरावयव ‘शोलोत्ल’. या दुसऱ्या पदाचे श्वान, दास, विद्रूप आकृती असे निरनिराळे अर्थ लावले जातात. पण शोलोत्ल हे एका देवतेचेही नाव आहे. कथा अशी की, बळी जाण्याच्या भयाने ही देवता पळत सुटली व एकामागून एक रूपे पालटीत गेली. प्रथम ती मक्याच्या ताटात दडली, मग घायपाताच्या जातीच्या एका वनस्पतीत, आणि शेवटी पाण्यातील या प्राण्याच्या रूपात पकडली गेली. अंत्य ‘त्ल’ हा नाहुआत्लमध्ये एकच पार्श्विक व्यंजनध्वनी आहे. स्पॅनिश भाषकांनी त्याच्या जागी ‘ते’ आणला व ‘आहोलोते’ हे रूप सिद्ध केले. मराठीत रुळलेल्या ‘टोमॅटो’ या शब्दाचा उगमही याच भाषेतील ‘तोमात्ल’ हा असून स्पॅनिशमधील ‘तोमाते’ हे त्याच्या प्रवासातील मधले ठाणे होय.

जपानी ‘उपा’ मात्र या वाटेने आलेला नाही. १९८५ साली नूडल्सच्या एका जाहिरातीत हा प्राणी झळकला आणि जपानात त्याचे मोठे वेड पसरले. त्या वेळी त्याला ‘ऊपारूपा’ असे नाद साधणारे, विक्रीस सोयीचे नाव देण्यात आले होते. नाहुआत्ल शब्दाशी या नावाचा संबंध उरलेला नाही. खेळातील ‘उपा’ हा त्याचाच संक्षेप दिसतो आणि इंग्रजी ‘वूपर’ हे त्याच नावाचे रूप होय. जपानी मुलास ‘उपा’ ऐकताच खरा प्राणी आठवू शकतो. इंग्रजी मुलास ‘वूपर’ हा केवळ एक गमतीदार ध्वनी वाटतो. चिनी लेखनात ध्वनीच्या अनुरोधाने जी दोन अक्षरे योजिली आहेत, त्यांतून ‘काळी लाट’ असा अर्थ सहजच उत्पन्न होतो. जर्मन ‘फेलिनो’त मूळ शब्दाचा मागमूस नाही. याउलट फ्रेंच अनुवादकांनी ‘अक्सोलोतो’ हे नाव योजून जाहिरातीतील नाव दूर सारले व शब्दाला त्याचे मूळ परत दिले. अनुवादात ध्वनी राखावा की निर्देश राखावा, हा जुना प्रश्न येथे एका खेळण्याच्या निमित्ताने उभा राहतो.

नावाप्रमाणेच एक पारिभाषिक शब्दही येथे विचार करण्याजोगा आहे. उपा विसाव्या पातळीस पोहोचला म्हणजे त्याचे ‘नुओ’ या मोठ्या प्राण्यात परिवर्तन होते. इंग्रजीत त्यास दलदल व स्वामी या अर्थांच्या शब्दांची सांधणी करून ‘क्वॅगसायर’ म्हटले आहे. या बदलास जपानीत व इंग्रजीत उत्क्रांतिवाचक शब्द वापरला जातो. वस्तुतः उत्क्रांती अनेक पिढ्यांतून घडते. एकाच प्राण्याच्या आयुष्यात घडते ते रूपांतरण. गंमत अशी की, खरा ॲक्सोलॉटल सामान्यतः रूपांतरण न पावणारा प्राणी म्हणूनच प्रसिद्ध आहे. तो कल्ले न टाकता पाण्यातच प्रौढ होतो व प्रजोत्पादन करतो. १८६४ साली पॅरिसला आणलेल्या ॲक्सोलॉटलांच्या संततीपैकी काहींचे कल्ले गळून ते भूचर झाले, तेव्हा ऑग्युस्त द्युमेरिल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांसही विस्मय वाटला. अवटु ग्रंथीच्या संप्रेरकाने असे रूपांतरण घडवून आणता येते, हे पुढे सिद्ध झाले. निसर्गाने सहसा रोखून धरलेला हा बदल खेळाने मात्र नित्याचा केला आहे.

उत्क्रांती या संज्ञेस अधिक पात्र ठरणारी घटना याच मालिकेत अन्यत्र सापडते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ या भागांत पाल्देआ नामक कल्पित प्रदेशातील तपकिरी उपा भेटतो. क्षेत्रासाठी झालेल्या झगड्यात हरल्यामुळे तो पाणी सोडून जमिनीवर राहू लागला आणि कालांतराने त्याच्या अंगी विषारी आवरण आले, असे त्याच्याविषयी सांगितले आहे. अधिवास गमावणे व त्यानुसार पालटणे, हा खरोखरीच जीवशास्त्राचा विषय होय.

खऱ्या ॲक्सोलॉटलला मात्र अशी सवड लाभलेली नाही. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस शोचिमिल्कोचे कालवे आहेत. त्याचे नैसर्गिक वास्तव्य आज तेथेच उरले आहे. दूषित पाणी, वाढते नगर आणि बाहेरून सोडलेले कार्प व तिलापिया हे मासे यांनी त्याचा घास घेतला. १९९८ साली तेथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० प्राणी असल्याचा अंदाज होता. २०१४ साली तो सुमारे ३६ वर आला. २००६ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. प्रयोगशाळांत व घरगुती काचपात्रांत तो विपुल आहे, पण जन्मस्थानी दुर्मिळ.

त्याच्या नावाचीही हीच अवस्था आहे : देशोदेशी ते मुलांच्या तोंडी आहे, पण बहुतेक ठिकाणी ते कोणाचे नाव हे ठाऊक नाही. व्युत्पत्तीचे कार्य शब्दाचे जुने रूप शोधण्याने पुरे होत नाही. शब्द ज्या वस्तूपासून तुटला तिच्याकडे बोट दाखविणे, हेही त्या कार्याचेच अंग होय. ‘उपा’ची कुळकथा शोधू जाता ती शोचिमिल्कोच्या पाण्यापाशी जाऊन पोहोचते, आणि ते पाणी अद्याप पुरते निर्जीव झालेले नाही.