आखाजीची घागर कशी वाचायची?
धुळे-जळगावकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. सकाळी उंबरठा पुजताना एकेका पूर्वजाचे नाव घेत कुंकवाचे एकेक बोट उमटवतात. अक्षरओळख नसलेल्या घरातही वंशावळ अशी वाचली जाते! पाणी भरलेल्या मातीच्या घागरीवर छोटे भांडे, त्यावर खरबूज; सोबत सांजोऱ्या आणि आंबे. एरवी पाणी गार करणारी घागर त्या दिवशी पितरांच्या जागी असते. खुणेचा अर्थ वस्तूत नसून समाजाने मानलेल्या संकेतात असतो, असे स्विस भाषातज्ज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी मांडले. या सणाला झोके घेणाऱ्या सासुरवाशिणीला मात्र आखाजी म्हणजे माहेर, आणि वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या सालदाराला नव्या सालाची बोली.